तिघांची पाठ

सकाळी साडेनऊला धाकटी बहीण ताईच्या लॅबमध्ये आली, बाही वर सरकवली आणि स्टुलावर धपकन बसली.

"काढ ताई, काढ. सगळं संपव एकदाचं."

"हलू नकोस, नाहीतर पुन्हा टोचीन."

"ऐकलंस का रे पोटातल्या? मावशी बघ कशी आहे!"

ताई हसली, पण सुई धरलेला हात तिने आधी टेबलावर टेकवून घेतला. धाकटीची तीन बाळं चौथ्या महिन्यातच गेली होती. ही चौथी खेप, आणि चौथा महिना संपायला पाच दिवस होते.

ताईचं कामच हे. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. मग तिच्या रक्तातल्या पहारेकरी पेशी त्याला हाकलून का देत नाहीत? या एका प्रश्नापायी ताईची वीस वर्षं गेली. मूलबाळ तिला नाही, पोट कधी राहिलंच नाही. म्हणून तुलनेसाठी ती स्वतःचंच रक्त काढायची. हाताशी असतं, म्हणायची. लाल बुचाची नळी धाकटीची, निळ्या बुचाची तिची. रंग टाकला की परक्या पेशी हिरव्या चमकतात. लाल नळीत बाळाची एखादी सुटून आलेली पेशी दिसायची. निळीत कधीच काही नाही.

त्या दिवशी लालमध्ये चार दिसल्या. एक मधे, तीन तिच्या भोवती. पहारेकरी पेशींची झुंबड बाहेर अडली होती, एकही आत शिरत नव्हती.

लॅबमधल्या मदतनीस काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सारखं कुरकुरणारा माणूस, पण नजर घारीची.

"हे तिघं आपल्याकडे पाठ करून बसलेत की!"

"काका, पेशीला पाठ नसते."

"मला काय विचारता? बघा ना."

ताईने दुसरा थेंब घेतला. चार. काच बदलली, रंगाची बाटली नवी फोडली. चार. एक मधे, तीन भोवती, पाठ करून.

चौथा महिना सरला. पाचवाही. दर सोमवारी धाकटी यायची, पोट पुढे करून, दारातून आडवी. ताईने तिला काहीच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? वहीत तिने फक्त "नेहमीचे तीन" असं लिहायला सुरुवात केली. कामाच्या वहीत असलं काही लिहीत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरी लिहिलं. काका तर आल्या आल्या विचारायचे, "आलीत का पोरं?"

नववा महिना भरला आणि धाकटीला मुलगी झाली. साडेतीन किलो, आवाज खणखणीत. ताई दवाखान्याच्या जिन्यातच फतकल मारून बसली आणि हसत सुटली, रडत सुटली, परत हसली. काकांनी पेढे वाटावेत तसे अख्ख्या मजल्याला फोन केले.

दीड महिन्याने शेवटचं रक्त.

लाल नळीत एकच हिरवी पेशी. मुलीची. भोवती कुणी नाही.

ताईला का कोण जाणे, पोरकं वाटलं. सवयीने तिने निळी नळी घेतली.

तीन.

नळ्या अदलाबदल झाल्या असतील. तिने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, दातांनी घट्ट ओढला, काकांसमोर नव्याने रक्त काढलं.

तीन.

तिच्या पहारेकरी पेशी बाजूला सरून उभ्या होत्या. मधे जागा करून दिलेली.

काका या वेळी कुरकुरले नाहीत. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

फोन वाजला. "ताई, अगं ही सकाळपासून नुसती भोकाड पसरून रडतेय. तुझ्या मांडीवर दिली की कशी गप्प होते गं? येतेस का?"

"येते," ताई म्हणाली. ओठांवर हसू फुटत होतं. "येतो."

"येतो? कोण कोण?"

ताईने फोन ठेवला. दिवा बंद करण्याआधी तिने पुन्हा एकदा डोळा लावला.

पेशीला तोंड नसतं. पण आता तिघांचीही पाठ नव्हती.