न नेलेला गाऊन

तुम्हा मंडळींच्या भुताच्या गोष्टी मी या ग्रुपवर रोज वाचते. लेकीने फोनवर लावून दिलंय. सगळ्या मध्यरात्रीच्या. अंधार, कुत्र्यांचं रडणं, सुनसान रस्ता...

माझी दुपारची आहे. लख्ख उन्हातली. आणि ऐकीव नाही, माझ्या पोटच्या पोरीची आहे.

खोटं सांगून मला आता काय मिळणार? गुडघे गेले, दात गेले, काल काय जेवले ते आठवत नाही. हे मात्र जसंच्या तसं लक्षात आहे.

आमचं बायकांच्या कपड्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. सासूबाई कपडा बेतायच्या, आमचे हे मशीनवर बसायचे, मी काज-बटणं करायचे. दुकानाच्या मागच्या बाजूला ट्रायलची खोली होती. भिंतीएवढा आरसा, एक लाकडी स्टूल आणि लोखंडी कड्यांवर सरकणारा जाड पडदा. पडदा ओढला की कड्या वाजायच्या. खर्रर्र... वरच्या मजल्यावरसुद्धा कळायचं, गिऱ्हाईक आलं.

माझं बाळंतपण अवघड गेलं. टाके पडले. जिना चढायची सोय नव्हती. म्हणून दवाखान्यातून आणलं ते सरळ त्या ट्रायलच्या खोलीत. तिथेच माझी खाट, शेजारी पाळणा.

मुलगी झाली होती. लांबसडक बोटांची.

आणि ती रडत नव्हती.

म्हणजे जन्मली तेव्हा रडली. त्या खोलीत आल्यापासून नाही.

"हिच्या बापानं अख्खी गल्ली जागवली होती," सासूबाई म्हणायच्या. "ही कुणावर गेली गं? तुझ्यावर तर नक्कीच नाही." त्यांनीच तिचं नाव पाडलं, गप्पू. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, आमच्या कार्ट्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

मीही हसायचे.

पण गप्पू माझं दूध पीत नव्हती.

छातीशी धरलं की तोंड फिरवायची. चिडून नाही. जेवून आलेला पाहुणा ताटावर हात आडवा धरतो ना, तशी. माझी छाती दगडासारखी झाली होती. पदर ओला व्हायचा, ताप भरायचा. आणि ती आरशाकडे बघत पडलेली असायची. शांत. तृप्त.

नर्सबाई घरी यायच्या. वजनाच्या काट्याला झोळी अडकवून त्यात गप्पूला ठेवायच्या.

"छान वाढतेय की. दूध चांगलं उतरलंय तुला."

"अहो, ती पीतच नाही माझं."

"मग काय हवा खाऊन वाढतेय?" त्या हसल्या. मग माझी छाती दाबून बघितली... आणि हसायच्या थांबल्या.

"वरचं काय देता?"

"काही नाही."

"कुणीतरी देतंय गं," त्या म्हणाल्या, आणि काटा पिशवीत घातला.

माझ्या मनात सासूबाईच आल्या. दुसरं कोण येणार? पहिलीच नात. त्यांचा जीव तिच्यात अडकलेला. माझा डोळा लागला की चोरून बाटली लावत असतील. पोर त्यांच्याकडे ओढली जावी म्हणून. मी आतल्या आत जळायला लागले. त्यांनी गप्पूला उचललं की माझ्या टाक्यांत कळ यायची. विचारायचं तरी कसं? शेवटी विचारलंच.

"आई, तुम्ही हिला वरचं पाजता का?"

"मी? बाहेर कपड्यांचा ढीग पडलाय, मला पाणी प्यायला फुरसत नाही. म्हणे वरचं पाजता."

माझा विश्वास बसला नाही. ठरवलं, मुद्देमालासकट पकडायचं.

दुपारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. बाहेर ऊन रखरखत होतं. कुठे आवाज नाही...

खर्रर्र...

आल्या, म्हटलं. हललेसुद्धा नाही.

स्टूल करकरलं. कुणीतरी बसलं.

मग गप्पूचा आवाज आला. अं... अं... असा लाडिक, घाईघाईचा. माझ्यासाठी तिने तो आवाज कधी काढला नव्हता.

आणि मग...

घुटुक... घुटुक... घुटुक...

मी मान वळवणार, एवढ्यात डोक्यावर, वरच्या मजल्यावर, कुणीतरी खोकलं.

सासूबाई.

त्यांचाच खोकला. मागोमाग ह्यांचं घोरणं.

दोघंही वर होते.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. भीती नंतर आली हो. आधी पेटून उठले. नऊ महिने मी वाहिलेली, टाके मला पडलेले, आणि घोट कुणाचे घेतेस? भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "माझी आहे ती."

घोट थांबले.

आणि पाळण्याच्या बाजूने, अगदी हळू...

"शू..."

बाळ उठेल म्हणून आपण आवाज करणाऱ्याला गप्प करतो ना, तसं. मला. माझ्याच लेकराजवळ.

वळले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. पडदा हलत होता. गप्पू जागी होती. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब, आणि झबलं गळ्याशी ओलं.

ते झबलं मी तिच्या अंगातून ओरबाडून काढलं. उजेडात धरलं, तेव्हा दिसलं. कापडावर तिरकी एक ओळ गेली होती. सुईच्या बारीक भोकांची. उसवलेल्या शिवणीची.

हे कापड आधी दुसरं काहीतरी होतं.

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी झबलं हातात घेतलं आणि मटकन त्याच स्टुलावर बसल्या.

"हे कुठलं कापड?"

"न नेलेल्यातलं."

आमच्याकडे एक कपाट होतं. शिवून तयार, पण कुणी न्यायलाच न आलेले कपडे त्यात असायचे. वर्ष-दोन वर्षं वाट बघायची, मग उसवून अस्तराला वापरायचे. सगळेच शिंपी करतात.

"कुणाचं होतं?"

"पोस्टात कामाला होती बघ एक. दिवस गेले होते तिला. दूध पाजायचा गाऊन शिवायला टाकला होता, पुढे दोन्ही बाजूंना छुप्या फटी ठेवून. सैल ठेवा हो मावशी, म्हणाली, दोघींना पुरला पाहिजे." सासूबाईंनी झबल्याच्या भोकांवरून बोट फिरवलं. "आलीच नाही न्यायला. बाळंतपणात गेली. पोरही गेलं."

"आणि तुम्ही त्याची माझ्या पोरीला झबली शिवलीत?"

"कापड लोण्यासारखं मऊ होतं गं. आणि कोरं. तिच्या अंगाला लागलेलंसुद्धा नव्हतं. मेलेल्या माणसाचं वापरलेलं मी कशाला घालीन? नुसतं..."

त्या आरशाकडे बघत होत्या.

"नुसतं काय?"

"ट्रायल दिली होती तिने. इथेच. टाचण्या लावलेल्या होत्या, तरी काढेना. वळून वळून आरशात बघत होती. दोन्ही हात पोटावर. मी म्हटलंसुद्धा, आता काढ बाई, बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलीत."

शिंपी ट्रायलला वापरणं म्हणत नाहीत. सासूबाईंच्या हिशोबी तो गाऊन कोराच होता.

त्याच दुपारी सगळी झबली, दुपटी, टोपडी गोळा केली. सासूबाईंनी एकेक शिवण उसवली आणि तुकडे जुन्या भोकांवरून जुळवत गाऊन पुन्हा उभा केला. हे मशीनवर बसायला आले तर म्हणाल्या, "तू लांब राहा. हे माझं आहे." विचित्र दिसत होता तो. जागोजागी सांधे, जखमा भरून आल्यासारखे. गळ्याशी एक चौकोन रिकामा राहिला.

"एक टोपडं कमी आहे," सासूबाई म्हणाल्या. "धुण्यात गेलं असेल."

गाऊन खोलीतल्या खुंटीवर अडकवला. सासूबाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि रोज गिऱ्हाइकाला सांगायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तयार आहे बाई. उशीर झाला, माफ कर. घेऊन जा."

मला गप्पूसकट उचलून वर नेलं. दुकानाच्या दाराला आम्ही बाहेरून कुलूप घातलं.

दुपार उलटली. खाली कड्या वाजल्या. एकदाच.

आणि गप्पू रडली.

काय रडली. लालबुंद होऊन, मुठी आवळून. मी तिला छातीशी धरलं आणि तिने अशी पकड घेतली की माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. दार उघडलं तेव्हा खुंटी रिकामी होती. कुलूप जसंच्या तसं.

पण एक सांगते. पिता पिता ती मधेच थांबायची. सोडून वर बघायची. माझ्या तोंडाकडे. कशी चव लागते ते ताडून बघितल्यासारखी. पुढे ती एवढी बोलकी झाली की गप्पू या नावाची चेष्टा व्हायची, पण ती नजर मी विसरले नाही.

दुकान गेलं, सासूबाई गेल्या, हेही गेले. आम्ही दुसऱ्या शहरात आलो. आणि आता, उशिरा का होईना, गप्पूला मुलगी झाली. माझ्याकडेच आहेत दोघी.

परवा ती अंथरुणात डोळे मिटून म्हणाली, "आई, तुझ्या हाताला काहीतरी आहे बाई. दुपारी तू घेऊन बसतेस ना, तेव्हा ही किती शांत असते."

दुपारी मी माझ्या खोलीत आडवी असते. कंबर धरते माझी.

सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "हो. आजीच आहे ना मी."

दुसऱ्या कुणाला ते कौतुक मिळू नये एवढंच त्या क्षणी वाटलं.

मग बाळाकडे बघितलं. डोक्यावर टोपडं होतं. जुनं, मऊ. त्यावर तिरकी, बारीक भोकांची एक ओळ.

"हे कुठून काढलंस?"

"मी कुठून काढणार? तूच घातलंस की काल."

मी ते काढलं. काढताना बाळ किंचाळलं, तरी मी थांबले नाही. ते उसवून गाऊनच्या गळ्याचा राहिलेला चौकोन करून ठेवायचा, की नुसतंच खुंटीला टांगायचं, मला कळत नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. सध्या ते माझ्या कमरेला खोचलेलं आहे.

आता दुपार आहे. गप्पू झोपलीय. मी त्या दोघींच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून हे लिहितेय. आत कुणी गेलेलं नाही.

बाळाची दूध प्यायची वेळ कधीच होऊन गेली.

ते रडत नाहीये.