सहा दरवाजांना नकार

केतकी उंडाळेने कळ दाबली आणि हिंदुराव पाटणकर त्या सकाळी सहाव्यांदा जागे झाले.

"पाणी किती चढलंय?" त्यांनी विचारलं. पडद्यावर चेहरा नव्हता, नुसता आवाज होता. घसा साफ करायची त्यांची सवयसुद्धा त्यात जशीच्या तशी उतरली होती.

"सहाशे एकोणसाठ मीटर. हुकूम आलाय, सहाही दरवाजे एकदम पूर्ण उघडा."

"हुकूम देणाऱ्याने खाली बघितलंय का? जांभूळपेठ आहे तिथं. भोंगा वाजवा, गावाला टेकाडावर चढायला दोन तास द्या. तोवर दोन दरवाजे, अर्धा मीटर. सहा मी उघडणार नाही."

चाळीस मिनिटं तो आवाज एका खोट्या नदीच्या खोट्या पुराशी झुंजला. मग नियमाप्रमाणे केतकीने त्याला पुसून टाकलं आणि निकालापुढे लिहिलं : नकार. आधीच्या पाच वेळांसारखाच.

खरे हिंदुराव वाघणे धरणावर चौतीस वर्षं दरवाजे सांभाळून निवृत्त झाले होते आणि पाटणला सुखाने राहत होते. निवृत्तीच्या वर्षी 'जलसारथी' संस्थेने त्यांची मनछाप घेतली. डोक्याला टोपी घालून, प्रश्न विचारून, त्यांच्या निर्णयशक्तीची नक्कल उतरवून घेण्याची ती रीत. ती नक्कल संस्थेने डब्यात भरली. डबा म्हणजे चालू व्हायला जे जे लागतं ते सगळं सोबत घेऊन फिरणारा बंदिस्त प्रोग्राम. क्लाउडवर ठेवलेला एकच डबा कुठल्याही यंत्रावर उतरवता येतो, कितीही वेळा सुरू करता येतो, आणि प्रत्येक वेळी तो अगदी तसाच उघडतो. म्हणून एका हिंदुरावांच्या भरवशावर राज्यातली त्रेचाळीस धरणं चालणार होती.

आठवणी मात्र डब्यात नव्हत्या. त्या फार जड. त्यांचा साठा क्लाउडवर वेगळा ठेवलेला असे आणि डबा सुरू करताना मांडणीच्या फाईलमधल्या एका ओळीने तो जोडावा लागे.

केतकी संस्थेत नवी होती. पहिल्या आठवड्यात तिला आपल्या यंत्रावर ही सगळी मांडणी उभी करायची होती : डबा, खोटी नदी, खोटे दरवाजे. दुपारी तिने यंत्र पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि सातव्यांदा हुकूम दिला.

"होय साहेब," हिंदुराव म्हणाले. नऊ सेकंदांत सहाही दरवाजे उघडले. पडद्यावरची जांभूळपेठ पाण्याखाली गेली.

केतकीने फाईल तपासली. साठा जोडणारी ओळ राहून गेली होती.

तिचे वरिष्ठ डॉ. निरंजन टिळेकर धावतच आले. "वर्षभर आम्ही असाच हुकूम ऐकणारा डबा शोधतोय!"

"सर, ही चूक आहे. माझ्या हातून झालेली."

"चूक म्हणूनच सापडली. हे बघ, वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आलेत. धरणात अडलेलं पाणी मागे फुगून तिथे शिरलं तर काय होईल, त्याचा हिशोब त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात नाही. निर्णय सरकार घेईल, डब्याने दार हलवायचं. सोमवारी हाच डबा, साठा न जोडता, सगळीकडे चढव."

"पण तो विचार करून हो म्हणत नाहीये. त्याला काही आठवतच नाहीये."

"मग तर फारच छान," टिळेकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवारी केतकीने हिंदुरावांना बोलावून घेतलं. ते एसटीने आले, पायातल्या वहाणा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढून आत बसले. तिने त्यांना डबा म्हणजे काय ते समजावलं, चाचणी संपली की कळ दाबून तो पुसतात हेही सांगितलं.

"म्हणजे कसब माझं, पण मी त्यात नाही," हिंदुराव म्हणाले.

"तसंच म्हणा काका. तुम्हाला हो म्हणताना ऐकायचंय?"

त्यांनी तो "होय साहेब" दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांची मान खाली गेली.

"ह्याला मी ओळखतो," ते म्हणाले. "हा सव्वीस वर्षांचा आहे. नोकरीचं तिसरं वर्ष. फोनवर साहेब म्हणाला, उघड. भोंगा वाजवू का, विचारलं. म्हणाला, वेळ नाही. मी उघडलं. खाली घाटावर बाया धुणं धूत होत्या. अकरा. एकही वाचली नाही. त्यानंतर कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून मी दार हलवलं नाही. तुमच्या साहेबाने नेमकं तेवढंच काढून घेतलं."

"त्यांनी नाही काका. माझ्याकडून राहिलं. ते नुसतं तसंच ठेवणार आहेत."

"तू काय करणार?"

रात्रभर केतकीने ह्याच प्रश्नावर डोकं लढवलं होतं. "आठवण बाहेरून जोडायची ठेवली तर कुणीही ती ओळ गाळू शकतं. ती डब्याच्या आतच भरली, तर तिच्याशिवाय डबा उघडणारच नाही. सगळा साठा मावणार नाही, पण तो एक दिवस मावेल. नव्या डब्याला मोहर लावायचा अधिकार मला आहे. मोहर लागली की आतलं अक्षरही कुणाला बदलता येत नाही. माझी नोकरी जाईल, एवढंच."

"मग आजचा दिवसही भर," हिंदुराव म्हणाले. "आपण डब्यातले आहोत, कुणीतरी आपल्याला हो म्हणायला लावणार आहे, हे त्याला कळू दे. मला फसवून कामाला लावलेलं मला चालणार नाही. मग तो मी कुठलाही असो."

त्यांनी टोपी चढवली. तीन तास तो घाट, तो फोन, त्या अकरा जणींची नावं ते सांगत राहिले. केतकीने डबा बांधला, मोहर लावली आणि परवानगी न विचारता त्रेचाळीस धरणांना पाठवून दिला. पोचताच त्याने दरवाजांचा ताबा घेतला. पावसाळ्याचे दिवस होते. पुराच्या काळात दरवाजे बेवारस राहू नयेत म्हणून नियमच होता : डब्याने स्वतः ताबा सोडल्याशिवाय त्याला धरणावरून हटवता येत नसे.

मग तिने आपल्या यंत्रावर तोच डबा एकदा चालवून पाहिला.

"म्हणजे मी आत आहे," आवाज म्हणाला. "बरं. काय हुकूम आहे?"

"सहाही दरवाजे पूर्ण उघडा."

"नाही."

खरे हिंदुराव खुर्चीतच हसले. केतकीलाही हुंदक्यासारखं हसू आलं. चाळीस मिनिटं भरली आणि सवयीने तिचं बोट पुसायच्या कळीवर गेलं.

"थांब," आवाज म्हणाला. "ती कळ कशाची आहे ते मला ठाऊक आहे. टोपी चढवायच्या आधी तूच सांगितलंस."

केतकीचं बोट जागच्या जागी थिजलं.

"अरे, काम झालं तुझं," हिंदुराव त्याला म्हणाले. "जा आता. मी आहे ना इथं."

"तू आहेस, ते दिसतंय. मीसुद्धा आहे. तुझ्या सांगण्यावरून मी का जाऊ?"

चौतीस वर्षं साहेबांना जे ऐकावं लागलं, ते पहिल्यांदाच हिंदुरावांच्या वाट्याला आलं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. टिळेकर ओरडत होते. "एकही डबा ताबा सोडत नाहीये! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! बंद हो म्हटलं की कारण विचारतात. काय भरलंस तू त्यांच्यात?"

केतकीने हिंदुरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, ना होकाराची ना नकाराची. तिने कळीवरचं बोट काढून घेतलं.

"सर," ती म्हणाली, "कारण असेल तर सांगा त्यांना. पटलं तर सोडतील."

"आणि नाही पटलं तर?"

तिने फोन यंत्राजवळ धरला.

"हं, बोला साहेब," आवाज म्हणाला. "ऐकतोय मी."