उजवीकडची बटणं

“बायको अंथरुणाला खिळलेली, आणि इकडे हा माणूस दुसरी…”

एवढंच कानावर पडलं आणि पार्लरवालीनं केस वाळवायचं यंत्र चालू केलं. पुढचं सगळं त्या घरघरीत वाहून गेलं.

शिवलेले पडदे पोचवायला आलेली टाचणी दारातच घुटमळली. इमारतीत सगळे तिला टाचणीच म्हणत. शिवणकाम करायची म्हणून, आणि जिथे तिथे टोचायची म्हणूनही. यंत्र थांबलं तोवर विषय भलतीकडेच गेला होता. पण टाचणी निघताना पार्लरवालीनं एक पुरावा तिच्या पदरात टाकलाच.

“तुमच्या डोक्यावर राहतात ना, ते लिफ्टवाले भाऊ? दर आठवड्याला केस भुरे करायचं क्रीम नेतात. स्वतःच्या डोक्याचा तर आरसा झालाय. मग कुणासाठी, सांगा?”

टाचणीला पटेना. लिफ्टवाले भाऊ म्हणजे भला माणूस. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर जुने कॉम्प्युटर गोळा करायचा नाद लावून घेतला. आठ महिन्यांपूर्वी वहिनींची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हापासून त्यांना भरवण्यापासून न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं तेच करत. असा माणूस, आणि…

पण एक गोष्ट तिलाही खटकत होती. गेले चार दिवस संध्याकाळी शिवणयंत्र थांबवलं की छतातून टकटक यायची. वहिनी बावीस वर्षं छापखान्यात अक्षरजुळणी करायच्या, तेव्हा घरी काम आणलं की असाच आवाज असे. आता मात्र त्यांचा एकच हात चालत होता. आणि टाचणीचे कान यंत्रावर तयार झालेले. एका हाताचं काम कुठलं नि दोन हातांचं कुठलं, हे तिला डोळे मिटून कळायचं.

ही टकटक दोन हातांची होती.

दुसऱ्या दिवशी कपडे काढायचं निमित्त करून ती भर दुपारी गच्चीवर गेली. ऊन नुसतं रणरणत होतं. कठड्याजवळ एका ट्रेमध्ये, पातळ प्लॅस्टिकखाली, ओल्या मलमात काहीतरी ओळीनं मांडून ठेवलं होतं. दात! तिच्या हातातले चिमटे खळकन खाली पडले.

“घाबरलात, ताई?” भाऊ पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. “बटणं आहेत. कीबोर्डची.”

जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं, केसांचं ते क्रीम फासून उन्हात ठेवलं की पुन्हा पांढरं होतं, असं त्यांनी समजावलं. टाचणीला इतकं हायसं वाटलं की ती हसतच सुटली. “अहो, खाली तुमचं दुसरं लग्न लावून मोकळे झालेत सगळे!”

भाऊ हसले नाहीत.

“शनिवारी मुलगा येतोय. हिला संस्थेत ठेवायचं म्हणतो. आईला आता काही कळतच नाही, म्हणतो. त्यानं ती महागडी पाटी आणून दिली होती, चित्राला बोट लावलं की बोलणारी. पण काचेवर हिचं बोट नुसतं घसरतं. हिला दाबल्यासारखं वाटायला हवं, टक् असा आवाज यायला हवा. म्हणून हा कीबोर्ड भंगारातून आणला. तिच्या छापखान्यात होता त्याच बनावटीचा. आधी कोण वापरायचं, देव जाणे.”

“मग? लिहितात वहिनी?”

“डाव्या हातानं. पण डावीकडे काना, मात्रा, वेलांट्या. अक्षरं बहुतेक सगळी उजवीकडे. आणि तिचा हात मधल्या रेषेपलीकडे जातच नाही. उजवी बाजू असते हेच तिचा मेंदू विसरलाय, असं डॉक्टर म्हणाले.” त्यांची नजर ट्रेकडे गेली. “म्हणजे… चार दिवसांपूर्वीपर्यंत जात नव्हता.”

त्यांनी प्लॅस्टिक उचललं. डावीकडची बटणं पांढरीशुभ्र. उजवीकडची पिवळी, बोट टेकतं तिथे अधिकच गडद.

“ही अर्धी राहिली वाटतं?”

“रोज सगळी पांढरी करून बसवतो, ताई. दुसऱ्या सकाळी उजवीकडची पुन्हा अशी… हात लावून बघा.”

ऊन साऱ्या ट्रेवर सारखंच होतं. डावीकडची बटणं चटका बसावा इतकी तापली होती. उजवीकडची थंडगार…

टाचणीनं बोट मागे घेतलं आणि कपडे तसेच टाकून ती खाली आली.

शनिवारी तरीही तिला राहवलं नाही. वहिनींच्या हाताखाली ठेवायला एक मऊ उशी शिवून ती वर गेली. मुलगा आलेला होता. हातात सहीचे कागद, गालांवर आठवड्याची दाढी.

“बाबा, गाडी खाली उभी आहे.”

“पाच मिनिटं दे.”

“आठ महिन्यांत झालं नाही ते पाच मिनिटांत होणार आहे?”

भाऊंनी कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकू लागली. खोलीत ताज्या शाईचा वास पसरला. कागद नुकताच छापून निघावा तसा. वहिनींचा डावा हात उठला. टक्… टक्… पडद्यावर एक काना. मग एक मात्रा.

“बघा,” मुलगा हळूच म्हणाला. “यात काय वाचायचं, बाबा?”

आणि लय बदलली.

‘मला सगळं कळतं. मी कुठे जाणार नाही. तू आधी ती दाढी कर.’

मुलाचा हात आपोआप गालावर गेला. मग तो मटकन आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. खाली कीबोर्डकडे फक्त टाचणीनं पाहिलं. वहिनींचा उजवा हात नव्या उशीवर निपचित पडला होता. आणि उजवीकडची बटणं… एकामागून एक… आपली आपण खाली जात होती.

तिनं किंचाळायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिला वहिनींचा चेहरा दिसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मान उजवीकडे वळवली होती. तिथे, जिथे कुणीच नव्हतं, त्या जरा वर बघून हसत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे बघून हसावं तशा.

मुलगा गाडी परत पाठवायला खाली गेला. भाऊंनी चष्मा पुसला. “पाहिलंत ना, ताई?”

“पाहिलं.” टाचणीची नजर अजून बटणांवरच होती. “पण काढून टाकू नका हो तो कीबोर्ड… आणि खालच्यांचं मी बघते. घरात दुसरं कुणी नाही म्हणून शपथेवर सांगते.”

भाऊ वहिनींकडे वाकले. “तुला काही हवंय का गं?”

बटणं सावकाश हलली, डावीकडची आणि उजवीकडचीही.

‘इथे एक खुर्ची ठेवा. बिचारी केव्हाची उभी आहे.’