पाचव्या सीटवरचा माणूस

"तुमचं वजन किती हो?"

एका अनोळखी पुरुषाला मी विचारलेला हा पहिलाच प्रश्न! जुन्या गाड्यांच्या दुकानात तो बॉनेटवर तळहात ठेवून उभा होता. दुकानदारानं इंजिन आधीच तापवून ठेवलंय का, ते बघत होता. म्हणजे माणूस बावळट नव्हता... आणि दिसायलाही बरा होता.

"अठ्ठ्याहत्तर. का वो?"

"मागं बसा. पाच माणसं घेऊन, एसी लावून उड्डाणपूल चढली, तरच इंजिन खरं. आमच्यात एक माणूस कमी आहे."

"अवो, मीबी हीच गाडी बघायला आलोय की!"

"मग फुकटात बघून होईल."

तो हसला आणि बसला. नाव अमृत, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी.

कमी होती ती माझी आई. गेल्या वर्षी आप्पांनी हौसेनं घेतलेली गाडी अक्कलकोटच्या पुढं बंद पडली. तिकडं मैंदर्गीला, आईच्या माहेरी, तिच्या भाच्यावर अक्षता पडल्या आणि आई रस्त्याकडेला बसून रडली. तेव्हापासून ती गाडीत बसली नाही की माहेरी गेली नाही. आता पगार माझा होता, निवडही माझी. मला आईला माहेरी न्यायचं होतं, बस्स.

मी गाडी चालवत होते. शेजारी दुकानातला माणूस, मागं आप्पा, धाकटी पिंकी आणि अमृत. पुलाच्या मध्यावरच इंजिन धापा टाकायला लागलं.

"उतरून ढकलू का?" मागून आवाज आला.

मी आरसा नीट केला. आरशात त्याचे डोळे होते — हसरे, थेट माझ्याकडे बघणारे.

उतरताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी वजन लागलं तर सांगा..."

लागलं. पुढच्या रविवारी लागलं, त्याच्या पुढच्याही. आप्पांचा जीव एका टर्बो इंजिनवाल्या गाडीवर जडला होता. "लई पळती गं!"

"मला पळणारी नको आप्पा, पोचवणारी हवी."

"बरोबर हाय त्यांचं," अमृत हळूच म्हणाला. त्या रात्री मायलेज विचारायला मी त्याला फोन केला... आणि आम्ही मायलेज सोडून सगळं बोललो.

शेवटी सापडली. चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन. थंडगार असताना एका चावीत सुरू झालं आणि भरल्या गाडीनिशी पूल चढलं. गाडी घरी आली तशी आईनं अट घातली, "तसंच पाच माणसं घेऊन मैंदर्गीला न थांबता न्यायचं. मग मानीन."

पाचवा कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आधीची गाडी जिथं बंद पडली होती ते बाभळीचं झाड आलं. शेजारी बसलेल्या आईनं डोळे मिटून माझा खांदा धरला. इंजिन आपलं गुणगुणत राहिलं. झाड मागं गेलं आणि आईनं डोळे उघडले तेव्हा ती लहान मुलीसारखी हसत होती. जिंकले मी!

मैंदर्गीत ईरम्मा मावशी भाकरतुकडा घेऊन दारातच उभी. दोघी बहिणी गळ्यात पडल्या. अमृत नारळ फोडायला वाकला आणि त्याच्या खिशातून चावी पडली... गाडीची.

"ही कसली?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "माझ्या गाडीची. दुसऱ्याच आठवड्यात घेतली की."

"मग दर रविवारी आमच्याबरोबर —"

"तुमाला वजन कमी पडलं असतं... आणि मला करमलं नसतं, राजेश्वरी."

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला कानडीत विचारलं, "अळिया?"

अळिया म्हणजे जावई. आई गडबडली, पिंकी फिसकन हसली. अमृतनं घाईघाईनं नारळ फोडून टाकला.

"व्हय मावशी," मीच म्हणाले, "अळियाच."

आप्पा खाकरले. "पोरी, नीट पारखून घेतलंस का?"

"महिनाभर, आप्पा. चढावर, एसी लावून."

आप्पांनी फुटलेल्या नारळाचं पहिलं खोबरं अमृतच्या हातावर ठेवलं.