दादाची रिकामी जागा

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

कामठा गावात. १९४५ सालच्या दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, दिवेलागणीला. वच्छला माझ्या आजीची सख्खी बहीण. तिने शपथेवर सांगितलं तेच सांगतोय.

वच्छलाचा नवरा खेमराज आणि दीर टिकाराम. सख्खे भाऊ, पण धानाच्या बांधावरून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्याच रागात खेमराज फौजेत भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला.

लढाई संपली. खेमराज आला नाही.

मेल्याची तारही आली नाही.

टिकाराम मंडईत गावच्या दंडारीत, म्हणजे गाण्या-सोंगांच्या लोकनाट्यात, काम करायचा. त्या वर्षी त्याने एक वेगळंच छोटं नाटक बसवलं. ना गाणं, ना सोंग. मंचावर दोन भाऊ. एक तो स्वतः. दुसऱ्याची जागा रिकामी. तो प्रश्न विचारायचा, थांबायचा, आणि उत्तर ऐकल्यासारखा पुढे बोलायचा.

वच्छला बायांमध्ये पुढेच बसली होती.

"दादा, लढाईवर कायले गेला?"

टिकाराम थांबला. लोक हसले.

"दादा, बोलत काऊन नाही?"

आणि तेव्हा...

ठक्. ठक्. ठक्.

मंचाच्या फळ्यांवर बुटांचा आवाज. जड, थकलेला. तो रिकाम्या जागेपाशी येऊन थांबला. दिसत कोणीच नव्हतं.

हसणं बंद झालं.

मग कोणीतरी खाकरलं... दोनदा.

वच्छलाने ओळखलं. बोलण्याआधी असं खाकरायची सवय खेमराजची होती. ती पुढचा शब्द ऐकायला पुढे सरकली.

शब्द आलाच नाही.

टिकाराम रिकाम्या जागेकडे वळला. तो पुढे जे बोलला, ते नाटकातलं नव्हतं.

"दादा, मीच म्हणलो होतो, मेला तरी मायासंग बोलू नोको. रागात म्हणलो ना मी. आता बोल..."

पुन्हा खाकरणं.

पुन्हा काहीच नाही.

मग ते बूट वळले... मंचावरून उतरले... आणि वच्छलाला अगदी लागून गेले. कुजलेल्या पाल्याचा, ओल्या चिखलाचा वास आला. बाहेर तर सगळं कोरडं होतं.

घरी आल्यावर टिकाराम तिच्या उंबऱ्यात बसला.

"वहिनी, तोच होता ना?"

"तोच होता."

तो लेकरासारखा रडला. पुन्हा कधी मंचावर चढला नाही.

पण संध्याकाळी वच्छलाच्या अंगणात कोणीतरी खाकरायचं. ती चुलीपासून उठून दारात जायची.

"मी कधी म्हणली जी, बोलू नोका म्हणून? मायासंग तं बोला."

अंगणात कोणी नसायचं.

आता ती नाही. घर अजून आहे. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिथून निघतो...