बिअरमधला मासा

त्या संध्याकाळी वेटर आला नव्हता, म्हणून बिअर बनवणारा गुरुशांत स्वतःच ग्लास घेऊन आला. होटगी रोडवरच्या त्या हॉटेलात बिअर तिथंच बनायची. मेनूकार्डावर हिरवा ठिपका होता आणि शेजारी 'शुद्ध शाकाहारी'. पूनम तो बघूनच मैत्रिणीबरोबर तिसऱ्यांदा आली होती.

"दूध, मध असलं काही घालता का हो यात?" तिनं सहज विचारलं.

"न्हाय..." तो घुटमळला. मग थेट तिच्याकडं बघत म्हणाला, "पण गाळताना माशाचं घालतो."

"काय?"

"माशाच्या पोटातली पिशवी असते की, वाळवलेली. तिनं गढूळपणा तळाला बसतो. ग्लासात येत न्हाय ती—"

"येत नाही म्हणून शाकाहारी?" पूनमचा आवाज चार टेबलांवर पोचला. "तुमच्या घरी चालेल?"

"आमी लिंगायत. घरात अंडंपण येत न्हाय."

"आणि इथं मासा ढवळता!"

पूनम सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली. बाटलीनं दूध पाजलेलं कोकरू बाजारात गेलं, तेव्हा तिनं मटण सोडलं. सोलापुरात लॅबमध्ये नोकरीला लागल्यावर दूधतूपही. "आता वारा खाऊन जगणार व्हय?" आई अजून म्हणायची. सगळ्यांचं हसू झेलून जपलेली गोष्ट, आणि या लोकांनी एका ठिपक्यात तिला फसवलं!

ती तडक गल्ल्यावर गेली. "हा ठिपका काढा."

मालक धनाजीशेठ हसले. "ताई, काटा टोचला का घशात?"

आजूबाजूचेही हसले. पूनमचे डोळे भरून आले... रागानं. तेवढ्यात मागून एक हात आला. गुरुशांतनं गल्ल्यावरचं पेन उचललं आणि एकेक मेनूकार्ड ओढून 'शुद्ध शाकाहारी'वर काट मारायला लागला.

"उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाले.

"बरं," म्हणून त्यानं पुढचं कार्ड ओढलं.

बाहेर पायरीवर पूनमनं त्याला गाठलं. "नोकरी घालवून शूर झालात? इतके दिवस काय करत होता?"

"गप्प बसलो. चुकलंच माझं."

"मग आजच का?"

"कुणी विचारलंच नव्हतं... आणि तुमी रडायला लागला."

"मी रडत नव्हते!"

"न्हाय, न्हाय," तो घाईनं म्हणाला. तिला हसू आलं, त्याचाही तिला राग आला. तरी तिनं नंबर दिला.

त्याला पुण्यात काम मिळालं. रोज फोन व्हायचे, अर्धे भांडणाचे, पण सगळे अहोजाहोचे. दीड महिन्यानं एका रविवारी तो लॅबच्या दारात उभा राहिला, हातात गार बाटली.

"मासा न्हाय, काही न्हाय. नुसतं पाणी, जव, हॉप्सची फुलं आन् यीस्ट."

पूनमनं बाटली उजेडात धरली. "गढूळ आहे ही."

"थंडीत ठेवून थांबलं की आपोआप निवळते. अजून पंधरा दिवस पायजे होते. मला घाई झाली..."

"कसली?"

"तुला बघायची."

ती उसळली. "तुला? मला न विचारता एकदम अगंतुगं?"

"चिडलीस?"

"लई!" ती म्हणाली. आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली.