उद्याचं तापमान

सृष्टीने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो हवामानाच्या पांढऱ्या पेटीवर आपला पंचा पांघरत होता. कर्जतजवळच्या त्या लिंबोणीच्या बागेत चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं.

"हे काय करताय?"

"उन्हात तापतीय बिचारी," तो म्हणाला.

तिला हसू आलं – आणि रागही. तिच्या संस्थेने दहा शेतांत स्वस्तातल्या पेट्या बसवल्या होत्या. त्यांचं तापमान आणि दमटपणा सरकारी केंद्राच्या नोंदींशी जुळतो का, हे महिनाभर तपासायचं काम तिचं. नऊ जुळल्या होत्या. ही दहावीच चुकत होती, आणि आता कारणही सापडलं होतं. गोरक्षने – हे त्याचं नाव – मुकाट्याने पंचा खांद्यावर घेतला.

चूक मात्र गेली नाही. पेटी बदलली, तरी तेच. मग ती दर दोन दिवसांनी येऊ लागली. तो सरबत करून ठेवायचा, तिच्या आकड्यांची टिंगल करायचा... आणि तिने मान वर केली, की आधीच तिच्याकडे बघत असायचा.

एका दुपारी त्याच्या ओट्यावर बसून तिने दोन्ही आलेख सहज एकमेकांवर सरकवले, आणि तिच्या अंगावर काटा आला. पेटीचा मंगळवार तोच केंद्राचा बुधवार. पेटीचा बुधवार, तोच गुरुवार. अगदी दशांशापर्यंत. पेटी चुकत नव्हती. ती एक दिवस पुढे होती.

तिने सांगितलं, तेव्हा गोरक्ष हसला नाही. त्या जागी पाखरू बसत नाही असं आई म्हणते, एवढंच बोलला.

शुक्रवारी, आभाळ निरभ्र असताना, तीन चाळीसला पेटीचं तापमान सतरा अंशांनी उतरलं. दमटपणा शंभर टक्क्यांवर पोचला. पुढे काहीच नाही. पेटीचा दिवा लुकलुकत होता, पण आकडे येत नव्हते.

शनिवारी साडेतीनला ती स्कूटर दामटत बागेत पोचली. वारा पडला होता. पश्चिमेला काळंभोर दाटलं होतं, आणि गोरक्ष पेटीशेजारच्या झाडाखाली लिंबं वेचत होता. तिने हाका मारल्या. झालंच, असं त्याने हातानेच सांगितलं. मग ती धावली आणि त्याचं मनगट धरून त्याला ओढतच ओट्यावर घेऊन आली.

तेवढ्यात वीज पडली.

गारांच्या पडद्याआडून दिसलं – पेटीचा खांब नव्हता, पेटी नव्हती, झाड मधोमध चिरून धुमसत होतं.



"मला भ्या वाटायचं," तो हळूच म्हणाला, "आकडे जुळले की तुमी यायच्या न्हाईत."

"जुळले असते तरी आले असते."

दारात त्याची आई, रंगुबाई, येऊन उभी राहिली होती. सृष्टीच्या मुठीत त्याचं मनगट अजून तसंच होतं.

"आई बघतीय... हात सोडा."

"बघू देत," सृष्टी म्हणाली.